मुंबईहून गेलेला निबंध
(वायूच्या दाबाची उपपत्ती कशी घडली?)

आठवी-नववीच्या वर्गात फुगवलेला फुगा हातात धरून आम्ही एक प्रश्न विचारतो. फुग्याचे रबर आतून कोण ताणून धरते? 'हवा' हे उत्तर लगेच मिळते. हवा हे नेमके कसे करते, असे पुढे विचारले की वर्ग जरा थबकतो. मग उत्तरे येऊ लागतात. 'हवेचे कण दाटीवाटीने बसलेले असतात, ते एकमेकांना ढकलतात.' 'हवा स्प्रिंगसारखी असते, दाबली की उलट दाबते.' 'गरम केले की कणांमध्ये उष्णता शिरते आणि ती त्यांना दूर सारते.' एखादाच विद्यार्थी म्हणतो, 'कण आत पळत असतात, ते रबरावर आपटतात.' त्यावर शेजारचा विचारतो, 'मग फुगा थरथरत का नाही?'

पाठ्यपुस्तकाप्रमाणे पाहिले तर चौथे उत्तर बरोबर आणि पहिली तीन चूक. फळ्यावर तसे लिहून आपण पुढे जाऊ शकतो. परंतु विज्ञानाचा इतिहास चाळला तर असे दिसते की ही तीनही 'चुकीची' उत्तरे एकेकाळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी दिलेली आहेत. बरोबर उत्तर मात्र तीन-चार वेळा सापडले आणि दर वेळी बाजूला पडले. त्यांपैकी एकदा ते आपल्या मुंबईतच, एका शिक्षकाच्या हातून लिहिले गेले होते. ती हकिगत शिक्षकांना ठाऊक असावी, म्हणून हा लेखप्रपंच.

लोकरीचा पुंजका आणि स्थिर कण

हवेला दाब असतो हे टोरिचेलीच्या पाऱ्याच्या नळीने 1640 च्या दशकात स्पष्ट झाले. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉईल यांनी हवेवर अनेक प्रयोग केले. 1660 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी हवेच्या 'स्प्रिंग'ची कल्पना मांडली. लोकरीचा पुंजका मुठीत दाबला की आक्रसतो आणि मूठ सैल केली की पुन्हा फुलतो. हवेचे कणही तसेच असावेत, असे ते चित्र होते. पुढे 1662 मध्ये त्यांनी वाकड्या नळीत पारा ओतून घेतलेली मोजमापे प्रसिद्ध केली. बंदिस्त हवेचे आकारमान निम्मे केले की दाब दुप्पट होतो, हा त्यातला निष्कर्ष. आज आपण त्याला बॉईलचा नियम म्हणतो. नियम हाती आला, पण तो तसा का, हे कळले नव्हते.

न्यूटन यांनी 1687 च्या 'प्रिन्सिपिया'त या नियमाचा गणिती विचार केला. वायूचे कण आपापल्या जागी आहेत, प्रत्येक कण शेजारच्या कणाला दूर लोटतो आणि हे बल अंतराच्या व्यस्त प्रमाणात आहे असे मानले, तर बॉईलचा नियम मिळतो, हे त्यांनी सिद्ध केले. वायू प्रत्यक्षात असेच असतात असे न्यूटन यांनी म्हटले नव्हते. तो प्रश्न त्यांनी पुढच्यांसाठी मोकळा ठेवला. पण न्यूटन यांचे नाव एवढे मोठे की, पुढच्या पिढ्यांनी सावधगिरीचा भाग गाळला आणि चित्र तेवढे उचलले.

या चित्रात कण जवळजवळ स्थिर आहेत. ते गर्दीत उभ्या असलेल्या माणसांसारखे एकमेकांना रेटतात. आपल्या वर्गातले पहिले उत्तर हेच.

बर्नुलींचा दट्ट्या

1738 मध्ये स्विस गणिती डॅनिएल बर्नुली यांचा 'हायड्रोडायनॅमिका' हा ग्रंथ स्ट्रासबुर्ग येथे छापला गेला. द्रवांच्या प्रवाहाबद्दलचा त्यांचा नियम आपण सगळे शिकवतो, तो याच ग्रंथातला. त्याच्या दहाव्या प्रकरणात एक साधी आकृती आहे. एक उभे नळकांडे, त्यात वरखाली सरकणारा दट्ट्या, दट्ट्यावर एक वजन आणि आत सर्व दिशांना वेगाने धावणारे अगणित बारीक कण. दट्ट्या खाली का पडत नाही? खालून कणांच्या धडका सतत बसत असतात म्हणून. बर्नुलींच्या मते दाब म्हणजे या धडकांचा एकत्रित परिणाम.

बर्नुलींचा युक्तिवाद वर्गात सहज सांगता येतो. नळकांड्यातली जागा निम्मी केली की तेवढ्याच भिंतीजवळ दुप्पट कण असतात. धडका दुप्पट, म्हणून दाब दुप्पट. बॉईलचा नियम मिळाला, आणि कणांनी एकमेकांना दूर लोटण्याची गरजच उरली नाही.

त्याहून महत्त्वाचा भाग वेगाचा आहे. कणांचा वेग दुप्पट झाला तर प्रत्येक धडक दुप्पट जोराची होते. शिवाय कण दुप्पट लवकर परत येतो, म्हणून धडकांची संख्याही दुप्पट होते. दोन्ही मिळून दाब चौपट. म्हणजे दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. हवा तापवल्यावर दाब वाढतो, कारण कणांचा वेग वाढतो, हेही बर्नुलींनी सांगितले होते. उष्णता म्हणजे कणांची हालचाल, ही गोष्ट त्यात आलीच.

एवढे सगळे 1738 मध्ये छापलेले असूनही पुढची शंभराहून अधिक वर्षे जवळजवळ कोणीच तिकडे लक्ष दिले नाही. याचे कारण उष्णतेच्या कल्पनेत होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उष्णता हा एक अदृश्य, वजनरहित द्रव आहे असे मत रूढ झाले. त्याला 'कॅलरिक' म्हणत. लाव्हाझिए यांनी 1789 च्या आपल्या ग्रंथात मूलद्रव्यांच्या यादीत कॅलरिकला स्थान दिले. अणूंभोवती कॅलरिकचे वेष्टण असते, कॅलरिकचे अंश परस्परांना दूर सारतात आणि त्यामुळे वायू पसरतो, असे मानले जाई. डाल्टन यांच्या अणूंनाही असे वेष्टण होते. आपल्या वर्गातले तिसरे उत्तर ते हेच. उष्मामापनाची पुष्कळशी गणिते या कल्पनेने बरोबर सुटत, म्हणून ती सोडण्याची कोणाला निकड वाटत नव्हती.

हेरापाथ यांची फेरी

1820 मध्ये जॉन हेरापाथ या इंग्रज गृहस्थांनी धावत्या कणांची कल्पना पुन्हा मांडली आणि आपला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला. हंफ्री डेव्ही यांना तो पटला नाही. शेवटी हेरापाथ यांनी निबंध परत घेतला आणि 1821 मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ फिलॉसफी' या नियतकालिकात छापून आणला. त्यात एक खरी उणीव होती. तापमान हे कणाच्या वेगाच्या प्रमाणात असते असे त्यांनी धरले. ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात धरायला हवे होते. त्यामुळे तापमान आणि दाब यांचा मेळ बसेना. पुढे हेरापाथ रेल्वेविषयीचे एक नियतकालिक चालवू लागले आणि विज्ञानाच्या वर्तुळापासून दूर राहिले.

मुंबईतला शिक्षक

आता मुंबईकडे येऊ. जॉन जेम्स वॉटरस्टन यांचा जन्म 1811 मध्ये एडिंबरा येथे झाला. लंडनमध्ये काही वर्षे अभियांत्रिकीची आणि नौदलाच्या नकाशा खात्यातली कामे केल्यावर 1839 मध्ये ते मुंबईला आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातील छात्रांना शिकवण्याची ही नोकरी होती. शिकवून उरलेल्या वेळात वाचन आणि संशोधन करता येईल, हा हिशोब त्यामागे होता. ते 1857 पर्यंत या नोकरीत राहिले.

1843 मध्ये त्यांनी एडिंबरा येथे एक छोटे पुस्तक स्वतःचे नाव न घालता प्रसिद्ध केले. पुस्तकाचा विषय मनाचे व्यापार हा होता. वायूंविषयीचे त्यांचे विचार त्यात शेवटी आले होते. असे पुस्तक भौतिकीचे अभ्यासक कशाला उघडणार? मग 1845 च्या डिसेंबरात वॉटरस्टन यांनी मुंबईहून एक सविस्तर निबंध रॉयल सोसायटीकडे पाठवला. मुक्त, पूर्णपणे स्थितिस्थापक आणि सतत गतिमान अशा रेणूंनी बनलेल्या माध्यमांचे भौतिकशास्त्र, हा त्याचा विषय.

उन्हाच्या कवडशात चिलटांचा थवा घोंघावताना आपण पाहतो. वायूचे चित्र उभे करण्यासाठी वॉटरस्टन यांनी हीच उपमा वापरली. त्यावरून त्यांनी गणित मांडले. वायूचा दाब घनता आणि रेणूंच्या वेगाच्या वर्गाची सरासरी यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. तापमानही वेगाच्या वर्गाशी बांधलेले असते. म्हणजे हेरापाथ जिथे अडखळले, तिथे वॉटरस्टन बरोबर होते. आणखी एक पाऊल पुढे जाऊन ते म्हणाले की, निरनिराळे वायू एकत्र मिसळले तर जड रेणू सावकाश आणि हलके रेणू जलद धावतात. मात्र वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांचा सरासरी गुणाकार सर्वांचा सारखाच राहतो. ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या रेणूच्या 16 पट जड आहे. तेव्हा समान तापमानाला हायड्रोजनचे रेणू ऑक्सिजनच्या चौपट वेगाने धावणार. हे त्यापूर्वी कोणीच सांगितले नव्हते.

निबंधात आकडेमोडीची चूकही होती. पण निबंध नाकारला गेला तो त्या चुकीमुळे नव्हे. सोसायटीच्या दोन परीक्षकांनी तो वाचला. कणांच्या भिंतीवरील धडकांतून दाब निर्माण होतो हे मूळ गृहीतच मान्य करणे कठीण, असे एकाचे म्हणणे पडले. दुसऱ्याने तर हा सारा निरर्थक मजकूर असून सभेपुढे वाचण्याच्याही लायकीचा नाही, अशा अर्थाचा शेरा मारला. 1846 च्या मार्चमध्ये निबंधाचा गोषवारा तेवढा सोसायटीच्या कार्यवृत्तात आला. मूळ हस्तलिखित नियमाप्रमाणे दप्तरात जमा झाले. वॉटरस्टन यांनी स्वतःजवळ प्रत ठेवली नव्हती, आणि पाठवलेला निबंध त्यांना परत मिळाला नाही.

तोच विचार, बारा वर्षांनी

दरम्यान जमीन बदलत होती. मँचेस्टरच्या जूल यांनी 1840 च्या दशकात काम आणि उष्णता यांचे नाते मोजून दाखवले. पाणी घुसळले की ते तापते, आणि ठरावीक कामातून ठरावीक उष्णता मिळते. उष्णता जर द्रव असेल, तर ती घुसळण्यातून नव्याने कशी तयार होईल? कॅलरिकचा पाया असा खचला. जूल यांनीच 1848 मध्ये हेरापाथ यांच्या कल्पनेच्या आधारे हायड्रोजनच्या कणांचा वेग काढला. तो सेकंदाला 6,000 फुटांहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे 1,850 मीटर आला.

1856 मध्ये जर्मनीत क्रोनिग यांनी आणि 1857 मध्ये क्लाउसियस यांनी धावत्या रेणूंचा सिद्धांत मांडला. या वेळी लोकांनी तो ऐकला. क्लाउसियस हे नावाजलेले प्राध्यापक होते, आणि उष्णता म्हणजे गती हे मानायला लोक एव्हाना तयार झाले होते.

तरीही आक्षेप आलाच, आणि तो चांगला होता. डच शास्त्रज्ञ बॉईज-बॅलट यांनी विचारले की, रेणू सेकंदाला शेकडो मीटर धावत असतील तर खोलीच्या एका टोकाला सोडलेला वायू दुसऱ्या टोकाला पोचायला वेळ का लागतो? उदबत्ती लावली की वास लगेच खोलीभर का होत नाही, हा आपल्या मुलांचा प्रश्नही तोच. क्लाउसियस यांनी 1858 मध्ये उत्तर दिले. रेणू सरळ जातच नाहीत. वाटेत ते सतत एकमेकांवर आदळतात आणि दिशा बदलतात. जत्रेच्या गर्दीतून कितीही घाईने निघालेला माणूस जसा हळूहळूच पुढे सरकतो, तसे ते होते. आज आपल्याला माहीत आहे की, नेहमीच्या हवेत एक रेणू दोन टकरींमध्ये सरासरी एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी अंतर जातो. पुढे मॅक्सवेल यांनी 1860 मध्ये रेणूंच्या वेगांची विभागणी मांडली. सगळे रेणू एकाच वेगाने धावत नाहीत. काही संथ, काही अतिवेगवान, बहुतेक मधले. तेथून मॅक्सवेल आणि बोल्ट्झमन यांनी हा सिद्धांत उभारला.

वॉटरस्टन तोवर स्कॉटलंडला परतले होते. मॅक्सवेलही एडिंबराचेच, पण वॉटरस्टन यांचा निबंध लंडनमध्ये दप्तरात पडून होता. वॉटरस्टन हळूहळू विद्वत्मंडळांपासून दूर होत गेले. 18 जून 1883 रोजी ते घरातून बाहेर पडले आणि परत आले नाहीत.

पुढे लॉर्ड रॅले हे ध्वनिशास्त्रातले जुने लेख वाचत होते. वॉटरस्टन यांच्या 1858 मधल्या ध्वनीवरील एका लेखात त्यांना त्या जुन्या निबंधाचा उल्लेख सापडला. रॅले तेव्हा रॉयल सोसायटीचे सचिव होते. त्यांनी दप्तरातून हस्तलिखित शोधून काढले आणि 1892 मध्ये स्वतःच्या प्रस्तावनेसह सोसायटीच्या नियतकालिकात छापले. निबंध वेळेवर छापला असता तर हा विषय दहा-पंधरा वर्षे आधी पुढे गेला असता, असे त्यांनी त्यात नमूद केले. निबंध लिहिल्यापासून तो छापेपर्यंत 47 वर्षे गेली, आणि लेखक जाऊन 9 वर्षे झाली होती.

वर्गात काय करता येईल?

वॉटरस्टन यांचे मूळ गणित दहावीच्या विद्यार्थ्याला जमेल एवढे सोपे करता येते. 'ल' लांबीच्या घनाकृती डब्यात 'म' वस्तुमानाचा एक कण 'व' वेगाने समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ये-जा करतो असे समजा. भिंतीवर आपटून तो त्याच वेगाने उलटा फिरतो, म्हणून संवेगात 2मव एवढा बदल होतो. त्याच भिंतीवर तो पुन्हा 2ल ÷ व एवढ्या वेळाने येतो. भागाकार केला की सरासरी बल मव² ÷ ल. भिंतीचे क्षेत्रफळ ल², म्हणून दाब मव² ÷ ल³. कण पुष्कळ आहेत आणि दिशा तीन आहेत, म्हणून भिंतींच्या एका जोडीच्या वाट्याला एक-तृतीयांश भाग येतो. सर्व कणांचे मिळून वस्तुमान भागिले ल³ म्हणजे वायूची घनता. तेव्हा:

दाब = घनता × व² ÷ 3

आता हवेचे आकडे घाला. दाब सुमारे 1,01,000 न्यूटन प्रति चौरस मीटर, घनता सुमारे 1.2 किलोग्रॅम प्रति घनमीटर. व² येतो सुमारे 2,52,500, म्हणजे वेग सेकंदाला सुमारे 500 मीटर. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. ज्या वर्गात पंखा बंद आहे आणि पानही हलत नाही, त्या वर्गातली हवा आतून एवढ्या वेगाने धावते आहे, हे मुलांनी स्वतः आकडेमोड करून काढले की त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

राहिला 'फुगा थरथरत का नाही' हा प्रश्न. त्यासाठी स्वयंपाकघरातला तबकडीचा वजनकाटा आणि वाटीभर मोहरी पुरते. काट्यावर एक लहान ताटली पालथी ठेवा. एक मोहरी टाका. काटा हलल्यासारखाही वाटणार नाही. मूठभर मोहरी वीतभर उंचीवरून एकसारखी धार धरून ओता. दाणे आपटून बाजूला उडतील, काटा मात्र पुढे सरकून जवळजवळ स्थिर राहील. अधिक उंचीवरून तशीच धार सोडा; दाण्यांचा वेग वाढेल आणि काटा अधिक पुढे जाईल. वेगवेगळ्या धडका मिळून एकसारखा दाब कसा होतो, हे डोळ्यांना दिसते. हवेच्या बाबतीत तर एका चौरस सेंटिमीटर भिंतीवर दर सेकंदाला सुमारे 3 × 10²³ धडका बसतात. थरथर जाणवायला जागाच नाही.

या प्रयोगाची मर्यादाही मुलांना सांगावी. मोहरी वरून खाली पडते, रेणू सर्व दिशांनी धावतात. मोहरी आपटल्यावर बरीच ऊर्जा गमावते, रेणूंची हालचाल मात्र दमून थांबत नाही.

रॅले यांनी आपल्या प्रस्तावनेत तरुण लेखकांना एक सल्ला दिला आहे. मोठी झेप घेण्याआधी छोट्या, सहज मान्य होणाऱ्या कामाने आपले नाव करून घ्यावे, अशा आशयाचा. व्यवहार म्हणून तो शहाणपणाचा असेल. पण आम्ही परीक्षकांच्या बाजूचे लोक आहोत. रोज तीस-चाळीस उत्तरांवर बरोबर किंवा चूक अशी खूण करणारे. आपल्याला वॉटरस्टन यांच्याइतकेच त्या दोन परीक्षकांकडून शिकण्यासारखे आहे. ते अडाणी नव्हते. समोरचे उत्तर आपल्याला ठाऊक असलेल्या उत्तराशी जुळत नाही, एवढ्यावर त्यांनी निकाल दिला.

वॉटरस्टन यांचा निबंध शेवटी वाचला तो एका साध्या गोष्टीमुळे. नाकारलेला कागदही सोसायटीने फेकला नव्हता. आम्ही गेली काही वर्षे वर्गात एक वही ठेवतो. मुलांची न जुळणारी उत्तरे आणि आपल्याला तिथल्या तिथे न सुटलेले प्रश्न तीत तारखेसह लिहून ठेवतो आणि सहामाही संपताना पुन्हा काढून वाचतो. 'मग फुगा थरथरत का नाही?' हा प्रश्न आम्हाला त्या वहीतच मिळाला.